आधी भिजवून आण

सोमवारी सकाळी कपाटासमोर उभी राहते
आणि पहिल्यांदा डोळे मिटते.
रंग नंतर. रंग फसवतात,
ट्यूबलाइटखाली एक, खडेबाजारच्या उन्हात दुसराच.
बोटं फसत नाहीत:
हा भरड, हा सुळसुळीत, हा थोडा बोचरा,
हा धुऊन धुऊन विसविशीत झालेला
आणि म्हणून सगळ्यात लाडका.

हे मला निंगव्वानं शिकवलं.
वडगावात तिचे दोन यंत्रमाग होते,
भंगारवाल्यानं किलोवर नेले.
त्या जागेत आता शिवणयंत्र.
फरशीत बोल्टांची भोकं अजून आहेत,
एकात ती टाचण्या ठेवते.

पहिल्या पगाराला मी तिच्याकडे गेले,
पिशवीत चार तुकडे:
कटपीसवाल्याकडचं पांढरं लिनन,
पाऊण मीटर जांभळा खण,
वडिलांच्या कॉर्डरॉय पँटचे दोन पाय,
आणि आईच्या इरकलीचा, फाटून उरलेला, काठ.
म्हटलं, रोज घालता येईल असं काहीतरी.
लग्नाचं नको. फोटोतलं नको.
बस पकडता यावी, काउंटरवर सहा तास बसता यावं,
आणि तरी कुणीतरी वळून बघावं.

ती हसली नाही. एकेक तुकडा गालाला लावला,
मुठीत चुरगाळला, सोडला,
सुरकुती किती वेळ राहते ते बघितलं.
मग म्हणाली, "आधी भिजवून आण की गे.
सगळी एका बादलीत नको. ज्याची त्याची बादली.
खण आटतंय बोटभर, लिनन दोन बोटं.
ह्या पँटीनं आटायचं तेवढं
तुझ्या बापाच्या अंगावरच आटून घेतलंय.
तसंच जोडलं तर पहिल्या धुण्यालाच
शिवणीवर भांडण लागतंय बघ."

घरी तेवढ्या बादल्या कुठल्या.
एक शेजारच्या रेश्माकडनं आणली,
इरकलीला भाताचं पातेलं.
रात्रभर मोरीत चार पाणी:
एक जांभळं, एक चहासारखं, दोन नुसतीच खळीची.
सकाळी भाऊ तोंड धुवायला आला
आणि दारातच उभा राहिला.

शिवताना तिनं एकच विचारलं:
कॉर्डरॉयची लव वर की खाली?
खाली ठेवली तर हात घसरतो, कापड चकाकतं.
वर ठेवली तर हात अडतो, रंग गडद होतो.
मी म्हटलं, अडू दे.
"छलो," ती म्हणाली, दातांत दोरा धरून.

लिननचा सैल कुडता झाला.
त्यावर कॉर्डरॉयचं बिनबाह्यांचं जाकीट.
खणाचा नुसता खिसा,
"ते मोठ्यानं बोलतंय, त्याला तेवढीच जागा."
इरकलीचा काठ आतून, मानेमागं,
जिथं तो फक्त मला लागतो.
खाली जीन्स, ती जुनीच.

सोसायटीत पिग्मी भरायला येतात
खासबागचे रुद्राप्पा, चाळीस वर्षं मागावर बसलेले.
उकडत होतं, जाकीट खुर्चीला टांगलेलं.
नोट सरकवता सरकवता म्हणाले,
"बघू काय बाई?"
मी काचेखालून दिलं.
त्यांनी ते डोळ्यांनी बघितलंच नाही.
खिशाची कड दोन बोटांत धरली,
अंगठा आतून फिरवला, थांबले.
"इथं तार तुटलीय. गाठ मारायचा
कंटाळा केलाय कुणीतरी."
मी ओशाळले, जणू मीच विणलं होतं.
ते दारापर्यंत गेले. परत आले.
"शिवलं कुणी?"
चलनाच्या कोऱ्या बाजूला पत्ता लिहिला,
आधी मराठीत, मग अडखळत कन्नडमध्ये,
त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला.

आता मी घोंगडीचा एक तुकडा आणलाय,
डोक्यात आहे की मलमलीच्या ओढणीला
त्याची चार बोटं किनार लावावी.
निंगव्वा म्हणते खुळी आहेस, जड होईल, ओढेल.
म्हणते, तरी आण.
म्हणते, आधी भिजव.

भिजवलंय.
घरभर ओल्या मेंढीचा वास सुटलाय,
आणि भाऊ बाहेरच्या नळावर
दात घासतोय.